हरवलेलं मडगार्ड: विमानांच्या मॉडेलसाठी नाजूक सुटे भाग रेझिनमध्ये कसे प्रिंट करावेत

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे काका हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये होते. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मिग-२३ बीएन या लढाऊ विमानाचं १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लॅस्टिक किटचं मॉडेल आहे, त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना केलेलं. घर बदलताना पेटी आडवी पडली आणि पुढच्या चाकांमागचं मडगार्ड तुटून हरवलं. किट जुनं, आता बाजारात मिळत नाही. काका मला म्हणाले, "अरे, धावपट्टीवरचा खडा चाकाने उडून इंजिनाच्या इनटेकमध्ये जाऊ नये म्हणून असतं ते. त्याच्याशिवाय विमान उभं केलेलं बघवत नाही."

नखाएवढा तो तुकडा मनासारखा व्हायला मला तीन रविवार लागले. ही कृती म्हणजे त्या तीन रविवारांचा आणि त्याआधी वाया गेलेल्या बऱ्याच रेझिनचा, म्हणजे प्रकाशाने थराथराने कडक होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकचा, हिशोब आहे. तुमच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर ही त्याच क्रमाने वाचा.

आधी ठरवा: हा भाग रेझिनचा हवा का?

नवीन प्रिंटर आला की माणूस सगळंच प्रिंट करू लागतो, मीही केलं. आता मी प्रत्येक तुकड्याबद्दल आधी एवढंच विचारतो की त्याला आकार महत्त्वाचा आहे की ताकद.

गुंतागुंतीचा आकार आणि वर भार नाही, असे भाग रेझिनमध्ये उत्तम होतात. मडगार्ड, चाकाच्या कप्प्यांची दारं, अँटेनाची पाती, कॉकपिटमधलं आसन, एक्झॉस्टची कडी, पंखाखाली बॉम्ब लटकवायच्या पायलनचे खिळे, हवा आत घेणारे छोटे इनटेक स्कूप ही सगळी रेझिनची कामं.

पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजायला विमानाबाहेर काढलेली बारीक नळी, मात्र रेझिनमध्ये करू नका. २५ मिमी जाडीची खरी नळी १:७२ मध्ये ०.३५ मिमी होते. एवढी बारीक काडी प्रिंट होईल, पण पुसताना फडक्याचा धागा अडकला तरी मोडेल, आणि उन्हाळ्यात हळूहळू वाकेल ते वेगळंच. त्यासाठी औषधाच्या दुकानातल्या इंजेक्शनच्या सुया घ्या. २४ गेजच्या सुईची बाहेरची जाडी साधारण ०.५७ मिमी आणि २० गेजच्या सुईचं आतलं भोक ०.६० मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे एकीत दुसरी सरकते आणि पायऱ्या असलेली पिटो ट्यूब तयार होते. सुईचं तिरकं टोक रोटरी टूलच्या कटिंग डिस्कने कापा, पण कापताना डोळ्यांवर गॉगल हवाच. कापलेली टोकं उघडी कचऱ्यात टाकू नका, जुन्या डबीत बंद करून टाका.

मॉडेलचं वजन पेलणारे लँडिंग गिअरचे पायही नुसत्या रेझिनचे नकोत. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीजवळ जातो. बंद काचेच्या पेटीत त्याहून जास्त तापतं. सततच्या भाराखाली रेझिन वाकत जातं आणि दोन उन्हाळ्यांत विमान एका बाजूला कलतं. पाय प्रिंट करायचाच असेल तर मध्ये ०.६ मिमीचं आरपार भोक ठेवा आणि त्यात ०.५ मिमीची स्टील किंवा पितळी तार सुपरग्लूने बसवा, म्हणजे वजन तार घेते आणि रेझिन फक्त दिसतं. अशी तार रविवार पेठेत बोहरी आळीत हिंडलात तर मिळते. जाताना जाडी मोजायचं व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवा, कारण दुकानात सांगितलेली जाडी आणि हातातली जाडी नेहमी एकच असते असं नाही.

कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, हा भागही मी टाळतो. पारदर्शक रेझिन पॉलिश केलं की सुरुवातीला छान दिसतं, पण काही महिन्यांनी पिवळं पडतं. त्यापेक्षा कॅनोपीचा भरीव साचा प्रिंट करून त्यावर गरम केलेली पातळ पीईटी प्लॅस्टिकची शीट ओढावी. तो विषय मोठा आहे, इथे एवढंच पुरे.

मापं घेणं

जोडीतला एक भाग हरवला असेल तर तुम्ही नशीबवान. डावं दार हरवलं तर उजवं मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये आरसा फिरवा. डिजिटल व्हर्नियर घ्या, प्रत्येक माप तीनदा घ्या, आणि जबडे हलक्या हाताने मिटा, कारण किटचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरीन, मऊ असतं आणि दाबलं तर ०.०५ मिमीचा फरक सहज पडतो.

मडगार्ड मात्र एकच असतं, त्याला जोडीदार नाही. अशा वेळी फोटोंवरून मापं काढावी लागतात. पुण्यात यासाठी मोठी सोय आहे. घोरपडीजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात एक मिग-२३ बीएन उभं आहे. भारतीय हवाई दलातून हे विमान २००९ मध्ये निवृत्त झालं, त्यामुळे जवळून बघायला अशी स्मारकंच उरली आहेत. मी काकांनाच बरोबर घेऊन गेलो. चाकांशी वाकून कोणती दांडी कशाला धरते ते त्यांनी सांगितलं, आणि माझ्या चार फोटोंपेक्षा त्या दहा मिनिटांचा उपयोग जास्त झाला. फोटो काढण्याआधी तिथे परवानगी विचारा.

फोटो काढताना जवळ जाऊ नका. लांब उभं राहून झूम करा आणि कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर, बरोबर बाजूला धरा. जवळून काढलेल्या फोटोत पुढची गोष्ट फुगते आणि मापं चुकतात. एक फोटो बाजूने, एक समोरून, एक मागून आणि जोडणीचे जमतील तितके.

मग प्रमाण काढायचं. काकांच्या मॉडेलचं पुढचं चाक मोजलं तर ७.२ मिमी भरलं. बाजूच्या फोटोत तेच चाक ३६० पिक्सेल रुंद होतं, म्हणजे ५० पिक्सेल म्हणजे मॉडेलवरचा १ मिमी. चाक आणि मडगार्ड यांतली फट फोटोत २० पिक्सेल दिसली, तर मॉडेलवर ती ०.४ मिमी. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चाकाचा व्यास आडवा मोजा, उभा नको, कारण वर्षानुवर्षं उभ्या विमानाचा टायर खाली दबलेला असू शकतो. दुसरं म्हणजे खऱ्या विमानाच्या पुस्तकी मापाला ७२ ने भागून थांबू नका. तुमचा भाग तुमच्या किटच्या चाकावर बसायचा आहे, आणि जुन्या किटांची चाकं पुस्तकाप्रमाणे नेमकी असतीलच असं नाही. किटचं माप अंतिम धरा.

संगणक सुरू करण्याआधी कागदाची पट्टी कापून चाकाभोवती गुंडाळून बघा. पाच मिनिटांत लांबी आणि वळण कळतं. ही पट्टी जपून ठेवा, पुढे लागते.

आकार काढणं

त्रिमितीय आकार काढायला मी फ्यूजन हे सॉफ्टवेअर वापरतो. फ्रीकॅड फुकट आहे आणि अशा कामाला पुरेसं आहे. सेंद्रिय वळणांचं काम, म्हणजे पायलटचा पुतळा वगैरे, असेल तर ब्लेंडर बरं.

खरी कसोटी जाडीची. खरं मडगार्ड पत्र्याचं. पत्रा दोन मिलिमीटर धरला तरी १:७२ मध्ये ०.०२८ मिमी होतो, केसाहूनही बारीक. असं काही प्रिंट होणार नाही, झालं तरी हाताळता येणार नाही. म्हणून खोटं बोलावं लागतं, पण ते डोळ्याला पटेल असं. माझ्या अनुभवाने मोकळ्या उभ्या भिंतीला ०.३ मिमी ही खालची मर्यादा, आणि मोकळ्या काडीला ०.५ मिमी. मागे आधार असलेली उठावाची रेघ ०.२ मिमीपर्यंत येते. कोरलेली पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याची रेघ, ०.१५ मिमीपेक्षा बारीक काढली तर बाजूचा प्रकाश पसरून ती भरून जाते.

मडगार्डची मधली जाडी मी ०.३५ मिमी ठेवली आणि दिसणाऱ्या कडा आतल्या बाजूने उतरत्या करून टोकाला ०.१५ मिमीवर आणल्या. बघणाऱ्याचा डोळा जाडी कडेवरूनच ठरवतो. कड पातळ दिसली की सगळा भाग पत्र्यासारखा वाटतो. एक्झॉस्टची कडी आणि दारं यांनाही हेच करा. या कृतीतलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला.

खुंटी जिथे भोकात बसते तिथे खुंटी भोकापेक्षा ०.१ मिमी बारीक ठेवा. बारीक झाली तर सुपरग्लू भरून काढतो, जाड झाली तर घासताना भाग मोडतो. आणि जिथे दोन पृष्ठभाग काटकोनात मिळतात तिथे आतल्या कोपऱ्यात ०.१ ते ०.१५ मिमीची गोलाई द्या. नाजूक भाग जवळजवळ नेहमी अशा धारदार आतल्या कोपऱ्यावरच तडकतात.

आता प्रिंटरच्या पिक्सेलबद्दल, म्हणजे रेझिनवर प्रकाश सोडणाऱ्या त्याच्या स्क्रीनच्या एका ठिपक्याबद्दल. ३५ मायक्रॉनचा (०.०३५ मिमी) पिक्सेल १:७२ मध्ये खऱ्या विमानावरच्या अडीच मिलिमीटरएवढा, तर २२ मायक्रॉनचा साधारण १.६ मिमीएवढा. १:७२ साठी ३५ मायक्रॉन पुरतो. जुना ५० मायक्रॉनचा प्रिंटर असेल तर १:४८ ची कामं बिनधास्त करा, १:७२ मध्ये रिव्हेट वगैरेंच्या मागे लागू नका. जास्त बारीक स्क्रीनसाठी पैसे घालण्याआधी एक्स्पोजर नीट लावायला शिका, फरक तिथे जास्त पडतो.

रेझिन कोणतं

साधं स्टँडर्ड रेझिन बारकावे सुंदर दाखवतं पण काचेसारखं तडकतं. पाण्याने धुता येणारं रेझिन घरच्यांना सोयीचं वाटतं, पण पातळ भागांत ते मला सगळ्यात ठिसूळ वाटलं. पावसाळ्यात त्याचे भाग ओल धरून वाकलेलेही मी पाहिले आहेत. नाजूक कामासाठी एबीएस या चिवट प्लॅस्टिकसारखं म्हणून विकलं जाणारं रेझिन घ्या आणि त्यात वजनाने १५ ते २० टक्के लवचीक रेझिन मिसळा. मी सिराया टेकचं टेनॅशिअस वापरतो. त्यामुळे ०.३ मिमीची भिंत बोटाने दाबली तर वाकते आणि परत येते. प्रमाण वाढवलं तर मात्र बारीक कडा गोलसर होतात.

दोन्ही रेझिनं ४०५ नॅनोमीटरवर कडक होणारी हवीत. बाटली आधी चांगली दोन मिनिटं हलवा, रंग तळाशी बसलेला असतो. मिश्रण नवं म्हणजे एक्स्पोजरही नव्याने तपासायचं, जुना आकडा चालत नाही.

तापमानाचा विचार इथेच करा. थंड रेझिन घट्ट होतं, नीट वाहत नाही, आणि थर एकमेकांना पकडत नाहीत. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि दुपारी तिसाकडे जातो. म्हणून हिवाळ्यात मी रात्री प्रिंट लावतच नाही, दुपारी बारा ते चारमध्ये काम उरकतो. सकाळी करायचंच झालं तर बाटलीचं झाकण घट्ट लावून ती कोमट पाण्याच्या पातेल्यात वीस मिनिटं ठेवा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. रेझिन २५ ते ३० अंशांवर असलं की सगळं सुरळीत चालतं.

एक्स्पोजर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक्स्पोजर म्हणजे प्रत्येक थरावर अतिनील प्रकाश किती सेकंद पडतो ते. कमी पडला तर बारीक भाग निर्माणच होत नाहीत किंवा सपोर्टवरून, म्हणजे भागाला धरून ठेवणाऱ्या काड्यांवरून, सुटून व्हॅटमध्ये (रेझिनच्या टाकीत) राहतात. जास्त पडला तर प्रकाश कडेच्या बाहेर पसरतो, भोकं बुजतात, खुंट्या जाड होतात, आणि आपण काळजीने दिलेली ०.१५ची कड ०.२५ होऊन बसते. मोठ्या पुतळ्यात हा फरक कळत नाही. आपल्या कामात भाग बसणार की नाही ते यावरच ठरतं.

मोनो (एकरंगी) स्क्रीनच्या प्रिंटरवर ०.०३ मिमी थरासाठी १.६ सेकंदांपासून सुरू करा आणि ०.२च्या टप्प्याने वाढवत २.६ पर्यंत जा. अमेरालॅब्ज टाउन किंवा कोन्स ऑफ कॅलिब्रेशन या चाचणी फाइली फुकट मिळतात, त्या चांगल्या आहेत. पण मी त्यांच्यानंतर स्वतःची एक चाचणीही प्रिंट करतो. १० मिमीची पट्टी, तिच्यावर ०.३, ०.४, ०.५ आणि ०.६ मिमीच्या खुंट्या आणि त्याच मापांची भोकं. धुऊन, पूर्ण कडक करून मग मोजायची, ओली असताना नाही. ०.५ची खुंटी व्हर्नियरवर ०.५० ते ०.५३ भरली आणि ०.४चं भोक ०.४च्या ड्रिलला वाट देतं, तर तो आकडा तुमचा. त्या पट्टीवर मार्करने रेझिन, तारीख, तापमान आणि सेकंद लिहून ठेवा. माझ्याकडे अशा पट्ट्यांची एक डबी भरली आहे आणि दर मोसमात ती उपयोगी पडते.

तळाचे थर ४ ते ६, प्रत्येकी २५ ते ३५ सेकंद. भाग जिला चिकटून तयार होतो ती प्लेट वर उचलण्याचा वेग कमी ठेवा. आणि प्रकाश पडण्याआधी एक-दोन सेकंद थांबण्याची सेटिंग असते ती चालू करा, म्हणजे प्लेट खाली आल्यावर हललेलं रेझिन स्थिर होतं. पातळ भिंतींवर लाटा उमटत असतील तर बहुतेक वेळा याच थांब्याने जातात.

दिशा आणि सपोर्ट

प्रत्येक थर कडक झाला की तो व्हॅटच्या तळाच्या पारदर्शक फिल्मपासून ओढून सोडवला जातो. त्या ओढीत पातळ भाग वाकतो. म्हणून भाग प्लेटला समांतर झोपवू नका. ३० ते ४५ अंश कलता ठेवला की एका वेळी कमी क्षेत्रफळ ओढलं जातं.

मडगार्डसाठी मी बाहेरची फुगीर बाजू वर ठेवली आणि सगळे सपोर्ट आतल्या, चाकाकडच्या बाजूला दिले, कारण तिथले व्रण कुणाला दिसणार नाहीत. सपोर्ट मी लीची या स्लायसरमध्ये (आकाराचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हातानेच लावतो, आपोआप लावलेले नेमके चुकीच्या जागी जातात. टोकाची जाडी ०.२ ते ०.२५ मिमी. सगळ्यात खालच्या बिंदूला मात्र एक ०.३५ मिमीचा जाड सपोर्ट द्या, सुरुवातीची ओढ तो घेतो. बारीक सपोर्ट दोन-दोन मिलिमीटरवर दाट लावा. थोडे जाड सपोर्ट देण्यापेक्षा पुष्कळ बारीक बरे, काढताना कमी जखम होते.

वाटीसारखा पोकळ भाग तोंड तळाच्या फिल्मकडे करून ठेवलात तर आत हवा अडकून सक्शनची ओढ तयार होते आणि भिंत फाटते. त्याला एक छोटं भोक द्या किंवा दिशा बदला. तसंच स्लायसरमध्ये थर एकेक करून खालून वर सरकवत बघा. एखादा ठिपका हवेत एकटाच सुरू होत असेल तर त्याला सपोर्ट हवा. यूव्हीटूल्स हे सॉफ्टवेअर असे ठिपके स्वतः शोधून दाखवतं.

फार नाजूक भाग असेल तर त्याच्याभोवती १ मिमी काड्यांचा पिंजरा काढून घ्या. पिंजरा धरूनच धुता, वाळवता आणि नेता येतं, चिमट्याचा स्पर्श भागाला शेवटी एकदाच होतो.

आणि एक भाग हवा असेल तर सहा प्रिंट करा. या प्रिंटरवर वेळ उंचीवर ठरतो, संख्येवर नाही. सपोर्टसकट १५ मिमी उंची, ०.०३चा थर, म्हणजे ५०० थर. एका थराला आठ सेकंद धरले तर सव्वा तासाच्या आत काम. सहाचे तेवढ्याच वेळात होतात. मी तीन वेगवेगळ्या कोनांत दोन-दोन ठेवतो आणि उत्तम निघालेला कोन वहीत लिहून ठेवतो.

वीज हा पुण्यात विसरून चालणारा मुद्दा नाही. एकदा ४२० व्या थराला वीज गेली आणि सहाही भागांवर आडवी रेघ उमटली. तेव्हापासून प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर आहे. छोटा प्रिंटर फार वीज खात नाही.

हातमोजे, हवा आणि कचरा

ओलं रेझिन कातडीला लागू देऊ नका. त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी हळूहळू साठत जाते. वर्षभर काही होत नाही, आणि मग एके दिवशी हात सुजतात आणि पुढे ती ॲलर्जी जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, लॅटेक्सचे नकोत. खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी. मी बंद केलेल्या बाल्कनीत एक्झॉस्ट पंखा बसवला आहे. मुलं झोपतात त्या खोलीत प्रिंटर ठेवू नका.

धुण्यासाठीचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेईल एवढी वाफ सोडतं. गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती यांच्या जवळपास त्याचा डबा उघडायचा नाही. घरात सर्वांना हे सांगून ठेवा.

वापरलेलं आयपीए मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. पारदर्शक बरणीत झाकण लावून उन्हात ठेवा, त्यातलं रेझिन कडक होऊन तळाशी बसतं, वरचं आयपीए कॉफी फिल्टरमधून गाळून पहिल्या धुण्यासाठी परत वापरता येतं. रेझिन लागलेले टिश्यू, हातमोजे, सपोर्ट हे सगळं उन्हात पूर्ण कडक झाल्यावरच, वेगळ्या पिशवीत बांधून, काय आहे ते सांगून द्या. आपल्याकडे कचरा हाताने वेगळा केला जातो. सकाळी दारात येणाऱ्या ताईंच्या हाताला आपलं ओलं रेझिन लागता कामा नये.

धुणं, सोडवणं, कडक करणं

झाकणाला जाळी असलेले दोन प्लॅस्टिकचे डबे तुळशीबागेतून आणा. पहिल्यात वापरलेलं आयपीए, दुसऱ्यात स्वच्छ. भाग सपोर्टसकट पहिल्यात दीड-दोन मिनिटं, दुसऱ्यात एक मिनिट, हलक्या हाताने हलवत. जास्त वेळ ठेवलं तर पातळ भाग आयपीए शोषून फुगतात आणि वाळताना तडकतात. खोबणीतलं रेझिन मऊ, बारीक कुंचल्याने काढा.

मग पूर्ण वाळू द्या. कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा यासाठी उत्तम. हेअर ड्रायर नको, आयपीएची वाफ आणि तापलेली तार एकत्र येऊ देऊ नये. पावसाळ्यात अर्धा तास तरी थांबा. ओल्या भागावर प्रकाश पडला तर पांढरट, चिकट थर कायमचा बसतो आणि त्यावर रंग धरत नाही.

सपोर्ट कधी काढायचे यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मी हे असं करतो. सपोर्टसकट एक मिनिट प्रकाश द्यायचा, म्हणजे भाग आपला आकार धरतो. मग साधारण ५० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचा. सपोर्टची टोकं मऊ होतात. नव्या ब्लेडने सपोर्ट भागापासून थोडा लांब कापायचा, ओढायचा नाही, आणि बाहेरच्या सपोर्टपासून आत यायचं. उरलेले ठिपके ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने, पाण्यात भिजवून घासायचे. कोरडं घासलं तर बारीक धूळ उडते, ती श्वासात जाऊ नये. भाग गरम पाण्यात थोडा वाकलाच तर इथेच संधी आहे. मी मडगार्ड कोमट असताना ७ मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर टेकवून वळण नीट केलं आणि थंड पाण्यात सोडलं. कागदाच्या पट्टीशी ताडून बघितलं, जुळलं.

शेवटचा प्रकाश नेल-आर्टच्या दुकानातल्या यूव्ही (अतिनील) दिव्यातही देता येतो, फक्त त्याच्यावर ४०५ नॅनोमीटर लिहिलेलं असल्याची खात्री करा. अशा छोट्या भागाला प्रत्येक बाजूने दोन-तीन मिनिटं पुरतात. काचेच्या ग्लासात पाण्याखाली ठेवून प्रकाश दिला तर पृष्ठभाग चिकट राहत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभाग कडक होऊ देत नाही. अति प्रकाश दिलात तर भाग ठिसूळ होतो. दिवसभर उन्हात ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

प्रिंट फसली आणि प्लेटवर सहाऐवजी पाचच भाग आले, तर सहावा व्हॅटमध्ये आहे. तो न काढता पुढची प्रिंट लावली तर प्लेट त्याला फिल्मवर दाबते, फिल्म फाटते आणि रेझिन स्क्रीनवर उतरतं. रेझिन रंगाच्या जाळीतून गाळा आणि व्हॅटचा तळ प्लॅस्टिकच्या पट्टीने तपासा, धातूच्या नाही.

बसवणं आणि रंग

मॉडेलचं नेहमीचं पातळ सिमेंट इथे काम करत नाही. ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, आणि कडक झालेलं रेझिन विरघळत नाही. मध्यम घट्ट सुपरग्लू टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा. जिथे हात लागण्याची शक्यता आहे तिथे पिन वाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) ०.३ मिमीचं भोक पाडून तारेचा छोटा तुकडा घाला. भोक हळूहळू पाडा, दर दोन फेऱ्यांनी ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा.

रंगाआधी भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा आणि प्रायमरचा अगदी पातळ हात द्या. मी मिस्टर सरफेसर १५०० एअरब्रशने मारतो. ०.१५ची कड मिळवायला एवढी खटपट केल्यावर जाड स्प्रेखाली ती गाडली जाऊ नये. प्रायमर सुकल्यावर थरांच्या रेषा दिसल्या तर १५०० च्या पेपरने हलकेच पुसा.

प्रिंटर नसेल तरी अडू नका. भोसरी-चाकणच्या वाहनउद्योगामुळे पुण्यात नमुने प्रिंट करून देणारे भरपूर आहेत. तुमच्या आकाराची एसटीएल फाइल द्या आणि लेखी सांगा: थर ०.०३ मिमी, एबीएससारखं रेझिन, सपोर्ट आम्ही लावलेलेच ठेवा, सपोर्ट काढू नका, शेवटचा प्रकाश देऊ नका. अशी वाक्यं लिहून दिली नाहीत तर भाग घासूनपुसून, कडा गोल होऊन येतो.

काकांच्या मडगार्डचे सहा नग निघाले. एक कोनामुळे वाकडा, एक कापताना तडकला, चार चांगले. सगळ्यात पातळ कडेचा त्यांनी स्वतः निवडला. चष्मा कपाळावर सरकवून, चिमट्याने चाकामागे धरून, दोन मिनिटं श्वास रोखून उभे राहिले आणि सुपरग्लू धरल्यावरच हात काढला. उरलेले तीन मी कापूस घातलेल्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर दिले आहेत. डबीच्या झाकणावर रेझिनचं मिश्रण, सेकंद आणि कोन लिहिला आहे.